शब्दचर्चा : जुलाब, टाळू, पित्त आणि बाळाचे ‘दूध काढणे’

मूळ टिपण

बालरोग विभागातील परिचारिकांसाठी आणि तिथे दाखल असलेल्या बाळांच्या आयांसाठी मराठीत एक सूचनापत्रक तयार करण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. विषय आहे पचनमार्गाचे विकार असलेल्या अर्भकांची व लहान मुलांची शुश्रूषा. शास्त्रीय संज्ञांची मला फारशी चिंता नाही, कारण अतिसार, आमांश, बद्धकोष्ठ, जलशुष्कता हे शब्द कोशांत आणि सरकारी भित्तिपत्रकांत तयार आहेत. अडचण आहे ती आई जे शब्द घेऊन दवाखान्यात येते त्यांची. त्यांतले काही शब्द दोन अर्थांचे आहेत, आणि तान्ह्या बाळाच्या बाबतीत चुकीचा अर्थ घेतला गेला तर त्याची किंमत मोठी असते.

पहिला शब्द ‘जुलाब’. फारसीतले ‘गुलाब’, म्हणजे गुलाबपाणी, अरबीत ‘जुलाब’ झाले आणि आपल्याकडे रुळेपर्यंत त्याला पोट साफ करणारे औषध हा अर्थ चिकटला. ‘जुलाब घेणे’, ‘जुलाब देणे’ या प्रयोगांत तो अर्थ अजूनही आहे. औषधाच्या परिणामाला आणि मग आजारालाही तेच नाव मिळाले, आणि ‘जुलाब लागणे’, ‘जुलाब होणे’ हे प्रयोग रूढ झाले. त्यामुळे ‘जुलाबाचे औषध’ याचे दोन अगदी उलटे अर्थ होतात : शी व्हावी म्हणून द्यायचे आणि शी थांबावी म्हणून द्यायचे. घरातल्या फळीवर अशी दोन्ही औषधे शेजारी असू शकतात, आणि आजी, आत्या किंवा शेजारीण यांच्यापैकी कोणीही ‘जुलाबाचे औषध दे’ असे सांगू शकते. म्हणून पत्रकात पहिल्या अर्थी ‘रेचक’ किंवा ‘शी होण्याचे औषध’ असेच लिहावे असे मी ठरवले आहे. दुसऱ्या अर्थाचा प्रयोग तर गाळलेलाच बरा, कारण बाळाच्या पातळ शीवर ती दाबून थांबवणारे औषध द्यायचेच नसते. आतड्यांची हालचाल मंदावणाऱ्या अशा औषधांनी लहान मुलांचे पोट फुगते, मूल गुंगते आणि जंतू आतच राहतात. बाळाला लागते ते पाणी, क्षार, चालू असलेले दूध व अन्न, आणि झिंक. झिंक सहा महिन्यांखालील बाळाला दिवसाला १० मिलिग्रॅम आणि त्यापुढे २० मिलिग्रॅम असे १४ दिवस द्यायचे असते. ‘औषध’ म्हटले की पातळ शी थांबताच आई ते बंद करते. म्हणून ‘झिंकचा १४ दिवसांचा पूर्ण कोर्स’ असे लिहिणे मला अधिक सुरक्षित वाटते.

‘हगवण’ हा शब्द पत्रकात नको, तो गावंढळ वाटतो, असे मत बैठकीत मांडले गेले. मला ते पटलेले नाही. हगवण म्हणजे एकच गोष्ट, तिथे औषधाचा गोंधळ नाही, आणि कोणत्याही जिल्ह्यातल्या आईला तो कळतो. मात्र ‘हगवण’ केव्हा म्हणायचे हे खाली एका वाक्यात द्यायला हवे : २४ तासांत तीन किंवा अधिक वेळा पाण्यासारखी पातळ शी. निव्वळ अंगावर पिणारे बाळ दर वेळी दूध पिऊन पिवळसर, मऊ शी करत असेल आणि त्याचे वजन वाढत असेल, तर ती हगवण नव्हे.

दुसरा शब्द ‘टाळू’. डोक्यावरची मऊ जागा ती टाळू आणि तोंडातल्या वरच्या छताचे नावही टाळूच. पचनमार्गाच्या विकारांच्या प्रकरणात हे दोन्ही अर्थ एकाच पानावर येतात : हगवणीत अंगातले पाणी कमी होऊन खोल गेलेली टाळू आणि जन्मतः दुभंगलेली टाळू. आजवर मी ‘डोक्यावरची टाळू’ आणि ‘तोंडातली टाळू’ असे लिहिले आहे. याहून सुटसुटीत पण तितकेच स्पष्ट शब्द कोणाकडे असल्यास कृपया सांगावेत.

प्रतिसाद : निवृत्त परिसेविका

ताई, ‘डोक्यावरची टाळू’ आणि ‘तोंडातली टाळू’ हे शब्द उत्तम आहेत, ते बदलू नका. आम्ही वॉर्डात हेच म्हणत होतो. फक्त त्यांच्यासोबत वयाचा उल्लेख जोडा. डोक्यावरची पुढची टाळू साधारण बारा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान भरून येते. त्यानंतर ती खोल गेली की नाही हा प्रश्न विचारण्यात अर्थ नसतो, तरीही दोन वर्षांच्या मुलाच्या आईला तो विचारला जातो आणि ती बिचारी ‘नाही’ म्हणते. ते ‘नाही’ कागदावर चढते आणि वाचणाऱ्याला मूल बरे आहे असे वाटते. शिवाय बाळ रडत असताना टाळू वर आलेली दिसते. ते शांत असताना, आईने त्याला उभे धरलेले असताना टाळूवर हलकेच बोटे ठेवून पाहावे, एवढे एक वाक्य अवश्य घाला.

दुभंगलेल्या टाळूच्या बाळाबद्दल लिहिताना ‘पाजणे’ या क्रियापदापाशी थोडे थांबा. तोंड आणि नाक यांच्यामधला पडदा अपुरा असल्याने या बाळाला दूध ओढण्यासाठी लागणारा दाब तयार करता येत नाही, दूध नाकातून येते आणि आई घाबरून पाजणेच कमी करते. त्यासाठी ‘बसते धरून पाजणे’ असा प्रयोग करा, म्हणजे आडवे घेऊन पाजायचे नाही हे आपोआप कळेल. दूध काढून वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने, म्हणजे चोच असलेल्या छोट्या वाटीने, द्यायचे. ‘बोंडले’ हा आपल्या आज्यांचा शब्द पुन्हा वापरात यावा असे मला मनापासून वाटते, कारण त्या वस्तूसाठी दुसरा नेमका मराठी शब्द नाही. बोंडले उकळून घेतलेले असावे, त्याची चोच गालाच्या आतल्या बाजूला टेकवावी, आणि घोट गिळल्याचे दिसल्यावरच पुढचा घोट सोडावा. मध्ये मध्ये ढेकर काढायला थांबावे, कारण या बाळांच्या पोटात हवा बरीच जाते.

आता वर मी ‘दूध काढून’ लिहिले, आणि नेमका हाच शब्द सर्वांत जास्त घोटाळ्याचा आहे. आईने दूध काढले म्हणजे स्तनातून पिळून वाटीत घेतले. बाळाने दूध काढले म्हणजे प्यायलेले दूध ओठांवाटे बाहेर आले. रात्रपाळीच्या नोंदीत कर्त्याशिवाय ‘दोन वाजता दूध काढले’ असे वाक्य असेल, तर सकाळी येणारीने त्याचा काय अर्थ घ्यावा? कर्ता लिहिण्याचा नियम करा. बाळाच्या बाबतीत पुढे आणखी एक भेद आहे. पिऊन झाल्यावर ढेकरेबरोबर गालावर ओघळते ते ‘दूध काढणे’, ते पहिल्या काही महिन्यांत बहुतेक बाळांमध्ये दिसते आणि बाळ हसत-खेळत असते. पोटाच्या स्नायूंचा जोर लावून बाहेर पडते ती ‘उलटी’. आणि दूर जाऊन पडते, अंथरुणापलीकडे जाते, तिला आया ‘दूध फेकणे’ म्हणतात; हा शब्द जपून ठेवण्यासारखा आहे. जन्मल्यानंतर दोन ते आठ आठवड्यांच्या बाळाने प्रत्येक पाजण्यानंतर असे दूध फेकले, त्यात हिरवेपणा नसला, आणि लगेच ते पुन्हा भुकेने रडू लागले, तर जठराचे खालचे तोंड जाड होऊन अरुंद झालेले असण्याची शक्यता असते आणि त्यावर शस्त्रक्रिया लागते. ‘उलटी होते का?’ या प्रश्नातून हे कळत नाही. ‘फेकते का, आणि फेकल्यावर पुन्हा पिते का?’ असे विचारले की कळते.

सर्वांत अधिक काळजी मात्र ‘पित्त’ या शब्दाची करा. आपल्याकडे पित्त म्हणजे जळजळ, आंबट ढेकर, डोकेदुखी. घरोघरचा किरकोळ त्रास. ‘बाळाला पित्त पडले’ असे आई सांगते तेव्हा घरातल्या कोणालाही त्यात भिण्यासारखे काही वाटत नाही. परंतु नवजात बाळाच्या उलटीचा रंग हिरवा असेल, तर आतडे कुठेतरी अडले आहे किंवा त्याला पीळ पडला आहे असे समजूनच पुढची पावले टाकावी लागतात, कारण पीळ पडलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा काही तासांत तुटतो. अशा वेळी पाजणे थांबवायचे, नाकातून जठरात नळी घालून ते रिकामे ठेवायचे, सलाईन लावायचे आणि शल्यचिकित्सकाला लगेच बोलवायचे. म्हणून पत्रकात ‘पित्त’ हा शब्द कुठेही नको. ‘हिरवी उलटी’ असे लिहा, जमल्यास रंगाचा ठिपका छापा, आणि बाळाचे ते दुपटे धुऊ नका, सोबत आणा, असे सांगा. दुपट्यावरचा डाग पाहून जे समजते ते कितीही प्रश्न विचारून समजत नाही.

प्रतिसाद : सामुदायिक आरोग्याचे अध्यापक

परिसेविकाबाईंच्या टिपणाशी मी पूर्ण सहमत आहे. मी ‘शोष’, ‘ओआरएस’ (हगवणीत पाजायचे मीठ-साखरेचे पाणी) आणि मापांबद्दल थोडे लिहितो.

‘जलशुष्कता’ हा शब्द बरोबर आहे, पण तो कोणी बोलत नाही. ‘शोष पडणे’ बोलले जाते, फक्त त्यात घशाची कोरड आणि तहान एवढाच अर्थ पोचतो, आणि तान्हे बाळ तहान सांगू शकत नाही. त्यामुळे ‘अंगातले पाणी कमी होणे’ असे लिहून पुढे दिसणाऱ्या खुणा द्याव्यात : डोळे खोल गेले आहेत, मूल किरकिरते आहे, पाणी दिसताच हपापून पिते आहे. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश खाली बसते. तीच घडी दोन सेकंदांहून अधिक वेळ तशीच राहत असेल, मूल मलूल पडले असेल आणि पाणी गिळत नसेल, तर घरचा उपाय संपला, असे स्पष्ट लिहावे. चिमटा बेंबी आणि कुशी यांच्या मधोमध, शरीराच्या उभ्या रेषेत घ्यावा; खूप कुपोषित किंवा गुटगुटीत मुलात ही खूण फसवी ठरते.

ओआरएसला आपल्याकडे ‘क्षारसंजीवनी’ म्हणतात, तो शब्द मला आवडतो. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी (कॉलरा) पसरली आणि सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे हे पाणी पिंपातून वाटले आणि नातेवाइकांच्या हातून रुग्णांना पाजवले. ग्लुकोजसोबत सोडियम आतड्यात ओढले जाते आणि त्यांच्यामागून पाणी जाते, ही त्यामागची क्रिया. म्हणूनच मापाला महत्त्व आहे. आजच्या सूत्रात एक लिटर पाण्यात मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असते. ‘एक पुडी पाण्यात विरघळवा’ हे वाक्य त्यामुळे अपुरे आणि धोक्याचे आहे. लिटरची पुडी पेलाभर पाण्यात घातली तर मीठ कितीतरी पटींनी वाढते. अर्धी पुडी आज आणि अर्धी उद्या असे केले तरी प्रमाण बिघडते. ‘पेला’, ‘तांब्या’, ‘ग्लास’ ही मापे घरोघरी वेगळी, म्हणून ‘लिटरची पाण्याची बाटली भरून’ असे लिहावे, आणि केलेले पाणी २४ तासांनंतर टाकून द्यावे हेही.

‘ओआरएस’ हा शब्दच गेली काही वर्षे बाजारात सैल झाला होता. भरपूर साखरेच्या फळपेयांच्या खोक्यांवर तो छापलेला असे आणि आजारी मुलासाठी आईबाप ते विश्वासाने घेऊन जात. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने पेयांच्या नावांत हा शब्द वापरण्यास मनाई केली. जास्त साखरेने आतड्यात उलट पाणी ओढले जाते आणि हगवण वाढते, त्यामुळे हा निर्णय मला फार महत्त्वाचा वाटतो. पत्रकात ‘पुडीतली क्षारसंजीवनी’ असे म्हणावे, म्हणजे खोक्यातले पेय त्यात येणार नाही.

‘पाजा’ याऐवजी किती पाजा हेही द्या : दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिलिलिटर, त्याहून मोठ्याला १०० ते २००. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने.

मूळ लेखिकेचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. ‘हिरवी उलटी’, ‘दूध फेकणे’ आणि ‘पुडीतली क्षारसंजीवनी’ मी तसेच्या तसे घेत आहे.

यावरून आणखी दोन शब्द सुचले. ‘दातांचे जुलाब’ असा जोडशब्द बोलण्यात आहे आणि त्यामुळे उपचार लांबतो. दात येण्याच्या वयातच बाळ रांगू लागते, हाताला लागेल ते तोंडात घालते, आणि वरचे अन्नही तेव्हाच सुरू होते; पोट बिघडते ते यामुळे. हा जोडशब्द पत्रकात स्पष्टपणे नाकारायचा आहे. दुसरा ‘आव’. ‘आव पडते’ याचा अर्थ शीत बुळबुळीत पदार्थ दिसतो, पण रक्त आहे की नाही ते त्यातून समजत नाही. ‘रक्त-आव’ वेगळी लिहिली पाहिजे, कारण आमांशाला, म्हणजे रक्ताच्या हगवणीला, प्रतिजैविक लागते. सहा-सात महिन्यांचे बाळ थांबून थांबून पाय पोटाशी घेत किंचाळत असेल, मध्ये निपचित पडत असेल आणि मग लालसर बुळबुळीत शी करत असेल, तर आतड्यात आतडे शिरल्याची शंका घ्यावी लागते. तिथे ‘आव आहे’ म्हणून औषध देत बसण्याने घात होतो.

‘लघवी’बाबत मी असा मसुदा केला आहे : ‘बाळाने शेवटची शू कधी केली? गेल्या सहा तासांत किती लंगोट ओले झाले?’ हगवणीत शी आणि शू एकाच लंगोटात येतात, म्हणून वॉर्डात कोरड्या लंगोटाचे वजन आधी करून ठेवावे आणि ओल्याच्या वजनातून ते वजा करावे. वाढलेला प्रत्येक ग्रॅम हा एक मिलिलिटर धरायचा, आणि लंगोटात शी असल्यास तसे नोंदवहीत शेजारी लिहायचे. ‘शू झाली’ एवढी नोंद यापुढे चालणार नाही, हे वाक्य मसुद्यात ठळक अक्षरांत ठेवले आहे.