नाव सुगरण, विणकर नर

‘घरटं सजवणं हा मादीचा उपजत गुण, निसर्गातच बघा’ असं कुणीतरी लिहिलंय. बघायचंच तर सुगरण पक्षी बघा. नाव बाईचं, विणकाम मात्र नराचं! पावसाळ्यात त्याचं डोकं पिवळंधमक होतं. विहिरीवर ओणवलेल्या बाभळीला गवताचे धागे विणून तो अर्धवट घरटं टांगतो आणि पंख फडफडवत बोलावत बसतो. मादी आत शिरून तपासते. नापसंत असेल तर ते तसंच लोंबकळत राहतं. पसंत पडलं की हा खालची नळी पुरी करतो आणि लगेच पुढचं बांधायला घेतो, दुसरीसाठी! अंडी उबवायला मादी एकटी. (त्यामुळे नराची फार आरतीही नको.) तळ्यावरच्या कमळपक्ष्यात तर मादी आकाराने मोठी, अंडी घालून ती दुसऱ्या नराकडे जाते, उबवणं आणि पिल्लं सांभाळणं बापाकडे.