मुस्लिम-ख्रिश्चन शेजार, मैत्री, संसार: तुमचे अनुभव लिहा

आम्ही मुस्लिम, शेजारी ख्रिश्चन, मधे फक्त एक भिंत. आई शेवटच्या आजारात होती तेव्हा शेजारच्या काकू रात्री उशाशी बसायच्या, त्यांची रोझरी चालू आणि आईची तसबीह, दोघींच्या आपापल्या जपमाळा. एकदा आई म्हणाली, आमच्या कुरआनात १९वी सूरा, म्हणजे अध्याय, येशूच्या आईच्या, मरियमच्याच नावाची आहे. इतकी वर्षं शेजारी राहून काकूंना हे माहीतच नव्हतं, रडायलाच लागल्या. तुमचेही लिहा, कडू असले तरी लिहा.

~~~

मी ख्रिश्चन, नवरा मुस्लिम. किताबी, म्हणजे ख्रिश्चन किंवा ज्यू, बाईशी मुस्लिम पुरुषाचा निकाह चालतो त्यामुळे मला धर्म बदलावा लागला नाही, पण तो ख्रिश्चन आणि मी मुस्लिम असते तर बहुतेक उलेमांनी, म्हणजे मुस्लिम धर्मपंडितांनी, नाहीच म्हटलं असतं, हे मला आजही टोचतं. खरं भांडण झालं ते मुलाच्या बाप्तिस्म्यावरून, दोन वर्षं चाललं, शेवटी केला नाही आणि माझी आई तेव्हापासून माझ्याशी तुटकच बोलते. पोरांचं काय करायचं हे लग्नाआधी बसून बोला हो, प्रेमात असताना हा विषय नको वाटतो पण बोलाच.

~~~

ताई, वाचून कसंतरी झालं. माझा साधाच अनुभव. मी नर्स होते, नाताळची ड्युटी मुस्लिम मैत्रीण घ्यायची, ईदची मी. मुस्लिमांचं हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान म्हणून ईद दरवर्षी अलीकडे सरकते, २००० साली तर ती नाताळाला लागूनच आली, मग दोघींनी अर्धी-अर्धी रात्र वाटून घेतली.

~~~

मी आणि माझा मुस्लिम मित्र दहा वर्षं एक विषय टाळत होतो. येशू क्रूसावर मेला हा माझ्या श्रद्धेचा पायाच, आणि कुरआन म्हणतं त्यांना सुळावर दिलंच नाही. एकदा बोललोच, रात्रभर. पटलं नाही दोघांनाही. त्यानेच मग सांगितलं की अरबस्तानातल्या नजरानचे ख्रिश्चन मदिनेला आले, पैगंबरांशी वाद झाला, जुन्या चरित्रांत आहे की त्यांनी मशिदीतच आपली प्रार्थना केली, आणि आपला धर्म न सोडता करार करून परत गेले. आता आम्ही जास्त मोकळे झालोय.

~~~

माझा कडू आहे. लांब कुठेतरी चर्चवर हल्ला झाला आणि दुसऱ्या दिवसापासून समोरच्या ख्रिश्चन घरातली मुलं माझ्या मुलीशी खेळायची बंद झाली. २०१९ ला अबुधाबीत तेव्हाचे पोप फ्रान्सिस आणि कैरोच्या अल-अझहर या मोठ्या इस्लामी विद्यापीठाच्या इमामांनी बंधुत्वाच्या दस्तऐवजावर सह्या केल्या तो मी छापून त्यांच्या दारात नेला होता. दार उघडलं नाही. मुलगी अजून विचारते, ती लोकं कधी बोलणार.