पीएमआयसीचं बाइंडिंग डॉक्युमेंट तपासताना नेमकं काय पाहायचं?

वेर्णा_बोर्ड:
नमस्कार. गोव्यातल्या मालीम जेटीवरच्या ट्रॉलरांसाठी डेटा लॉगरचा बोर्ड करतोय. त्यातल्या पीएमआयसीला (बोर्डला वेगवेगळी व्होल्टेज पुरवणारी चिप; ४ बक आणि ४ एलडीओ हे तिचे रेग्युलेटर, जोडणी आय-टू-सी बसवर) मेनलाइन, म्हणजे अधिकृत लिनक्स कर्नलमध्ये ड्रायव्हर नाही, तो सहकाऱ्याने लिहिला. पाठवण्याआधी त्याचं वायएएमएल बाइंडिंग (डिव्हाइस ट्रीत, म्हणजे कर्नलला बोर्डवरचं हार्डवेअर सांगणाऱ्या वर्णनात, ही चिप कशी लिहायची याचे नियम) माझ्याकडे तपासायला आलंय. डीटी_बाइंडिंग_चेक (बाइंडिंग तपासणारी कर्नलची कमांड) दोन तक्रारी करतो: उदाहरणातला रेग (चिपचा बसवरचा पत्ता) ०एक्स९० त्याला चालत नाही, आणि बकच्या नोडमधल्या रेग्युलेटर-मिन-मायक्रोव्होल्टसारख्या प्रॉपर्टी तो अनोळखी ठरवतो. शिवाय ‘यूज-आयआरक्यू’ नावाची एक बूलियन (हो-नाही) प्रॉपर्टी आहे, इंटरप्ट वापरायचा की नाही ते सांगणारी. एवढं निस्तरलं की पुरे, की डेटाशीट घेऊन ओळ न ओळ बसायचं?

फोंडा_कर्नल:
ओळ न ओळच बसा. चेक फक्त व्याकरण पाहतो. चिपबद्दल लिहिलेलं खरं आहे का, हे त्याला कळत नाही.

०एक्स९० हा डेटाशीटमधला ८ बिटांचा राइट पत्ता असणार. डिव्हाइस ट्रीत ७ बिटांचा लागतो, म्हणजे एक बिट उजवीकडे सरकवून ०एक्स४८. नोडचं नावही मग पीएमआयसी@४८ करा, नाहीतर पुढची वॉर्निंग तीच येईल.

दुसरी तक्रार: बकच्या नोडमध्ये रेग्युलेटर डॉट वायएएमएलचा (सगळ्या रेग्युलेटरांच्या सामाईक नियमांचा) रेफ, म्हणजे संदर्भ, आहे ना? मग त्याच नोडमध्ये ‘अ‍ॅडिशनल-प्रॉपर्टीज फॉल्स’ लिहिलं तर रेफमधून येणाऱ्या सगळ्या प्रॉपर्टी बाद होतात. तिथे ‘अनइव्हॅल्युएटेड-प्रॉपर्टीज फॉल्स’ हवं. सगळ्यात वरच्या पातळीवर कुठला रेफ नसेल तर तिथलं ‘अ‍ॅडिशनल’ तसंच राहू द्या.

‘यूज-आयआरक्यू’ काढून टाका. बाइंडिंग हार्डवेअरचं वर्णन करतं, ड्रायव्हरने कसं वागावं हे त्यात येत नाही. इंटरप्ट्स प्रॉपर्टी दिली म्हणजे पिन जोडलेली आहे, नाही दिली म्हणजे नाही. ड्रायव्हरने त्यावरूनच ठरवावं. कंपॅटिबलमध्ये (चिपचं नाव देणाऱ्या प्रॉपर्टीत) अख्ख्या मालिकेसाठी शेवटी ‘एक्स’ घातलेला असेल तर तोही नको, प्रत्येक चिपचं पूर्ण नाव लिहा.

मडगाव_पॉवर:
वरचं सगळं बरोबर. पण पीएमआयसीच्या बाइंडिंगमध्ये सर्वांत जास्त सुटतात त्या सप्लाय प्रॉपर्टी, म्हणजे कुठल्या इनपुटला वीज कुठून येते ते सांगणाऱ्या. डेटाशीटचं पिनांचं पान उघडा आणि प्रत्येक इनपुट पिनला एक ‘-सप्लाय’ प्रॉपर्टी आहे का, हे मोजा. बऱ्याच चिपांत प्रत्येक बकला वेगळी व्हीआयएन पिन असते आणि दोन-दोन एलडीओंना मिळून एक.

हे सुटलं तर काय होतं ते पाहा. समजा एलडीओ१ चं इनपुट बक४ च्या १.८ व्होल्टवरून घेतलंय, पण सप्लाय लिहिलेलाच नाही. कर्नलच्या हिशेबी बक४ ला कुणी ग्राहक नाही. बक४ वर ऑलवेज-ऑन (कायम चालू ठेवा) लिहिलेलं नसेल तर बूटनंतर सुमारे ३० सेकंदांनी न वापरलेले रेग्युलेटर बंद होतात, त्यात बक४ जातो आणि त्याच्यासोबत एलडीओ१ वरचा सेन्सर. बूट तर नीट झालेला असतो, त्यामुळे लोक सेन्सरच्या ड्रायव्हरमध्ये बग शोधत बसतात.

मिन-मॅक्स व्होल्टेजबाबतही सावध राहा. चिपची पूर्ण रेंज (समजा ०.६ ते ३.३ व्होल्ट) ड्रायव्हरच्या तक्त्यात असते. बोर्डच्या डीटीएसमध्ये (डिव्हाइस ट्रीच्या मूळ फाइलीत) त्या रेलवरचा, म्हणजे त्या व्होल्टेज लाइनवरचा, भाग जेवढं सोसतो तेवढीच मर्यादा लिहायची. उदाहरणात चिपची पूर्ण रेंज टाकली की पुढचा माणूस तीच कॉपी करतो, आणि १.१ व्होल्टच्या रेलवर ३.३ मागायला कर्नलची हरकत उरत नाही.

रॅम्पसाठी (व्होल्टेज बदलण्याच्या वेगासाठी) नवी प्रॉपर्टी केली असेल तर ती नको, रेग्युलेटर-रॅम्प-डिले आहेच, एकक मायक्रोव्होल्ट प्रति मायक्रोसेकंद. स्वतःची प्रॉपर्टी करावीच लागली तर व्हेंडरचा प्रिफिक्स आणि शेवटी एककाचा प्रत्यय द्या: -मायक्रोअ‍ॅम्प, -ओम्स, -एमएस.

वेर्णा_बोर्ड:
सप्लाय खरंच एकही नाही. देव बरे करो! आणखी एक: उदाहरणात इंटरप्ट फॉलिंग एजचा (लाइन खाली येते त्या क्षणी लागणारा) आहे, आणि इंटरप्ट्स ‘रिक्वायर्ड’ यादीत आहे. हे बरोबर?

फोंडा_कर्नल:
एन-इंट (इंटरप्टची) पिन ओपन-ड्रेन (लाइन फक्त खाली ओढणारी) असेल आणि स्टेटस रजिस्टर क्लिअर होईपर्यंत लाइन खाली धरून ठेवत असेल, तर लेव्हल लो (लाइन खाली असेपर्यंत लागू) लिहा. एजवर गडबड अशी होते: पहिली घटना क्लिअर होण्याआधी दुसरी आली तर लाइन वर येतच नाही, नवी एज मिळत नाही, आणि त्यानंतर इंटरप्ट कायमचा गप्प. ओव्हर-टेम्परेचरची सूचना अशी हरवणं परवडणारं नाही.

इंटरप्टशिवाय चिप व्होल्टेज देत असेल तर तो ‘रिक्वायर्ड’मधून काढा. पिन मोकळी सोडणारे बोर्ड असतातच. आज ऐच्छिक ठेवलेली प्रॉपर्टी नंतर सक्तीची केली तर जुने डीटीबी (संकलित डिव्हाइस ट्री) मोडतात, म्हणून ही यादी आत्ताच विचार करून ठरवा.

पाठवताना बाइंडिंगचा पॅच वेगळा आणि ड्रायव्हरच्या आधी. लायसन्स दुहेरी, जीपीएल-२.० आणि बीएसडी-२-क्लॉज. गेट_मेंटेनर (पॅच कुणाला पाठवायचा ते सांगणारी स्क्रिप्ट) चालवून डिव्हाइस ट्रीची लिस्ट सीसीमध्ये आली का, तेही बघा.