सोलापूरचं विमान टिकावं म्हणून आपण नेमकं काय मागायचं?

टॉवेलवाली_सोलापूर

नमस्कार. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे, वडिलांनंतर मीच बघते. खरेदीदारांना भेटायला महिन्यातून दोनदा तरी मुंबई होते. ठरलेला मार्ग म्हणजे रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस. २०२३ पासून वंदे भारत आली, पण ती सकाळी सहाच्या सुमारास निघून दुपारी साडेबाराच्या पुढेमागे पोचवते. अर्धा दिवस गाडीतच जातो.

विमानाची वाट आम्ही फार वर्षं पाहिली. १५ जून २०२३ ला विमानाच्या वाटेत येणारी साखर कारखान्याची चिमणी पाडली तेव्हा गावात दोन तट होते, आमच्या घरातही. मामा त्याच कारखान्याला ऊस घालतो, तो त्या रात्री जेवला नाही. पुढे ९ जून २०२५ ला गोव्याचं विमान सुरू झालं, १५ ऑक्टोबरला मुंबईचं. पहिल्याच महिन्यात आईला खिडकीशी बसवून नेलं.

आता धाकधूक आहे. होटगी रोडच्या या विमानतळावरून आधीही विमान सुरू होऊन बंद पडलेलं आहे. पुढच्या आठवड्यात आमच्या संघटनेची बैठक आहे, निवेदन द्यायचं चाललंय. बहुतेकांचं म्हणणं, मोठं टर्मिनल मागा, बोरामणीचा नवा विमानतळ मागा. मला ते पटत नाही, पण बैठकीत मांडायला मुद्दा हवा. जाणकारांनी सांगावं.

कर्लीकाठ

ताई, आमच्या सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाचा अनुभव सांगते. ९ ऑक्टोबर २०२१ ला उद्घाटन झालं, धावपट्टी चांगली अडीच हजार मीटर. चाकरमान्यांना वाटलं, आता गणपतीला रेल्वेच्या तिकिटासाठी चार महिने आधी जागायला नको. तीन वर्षं मुंबईचं विमान आलं, आणि उडान या सरकारी मदतीच्या योजनेची मुदत संपली तशी २०२४ च्या ऑक्टोबरात ते बंद पडलं. मधल्या काळात गोव्यात मोपाचं नवं विमानतळ सुरू झालं. सावंतवाडीकडचा माणूस तिकडेच वळला, कारण तिथून विमानं जास्त आणि ती निघतात याची खात्री.

मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. भावाचं तिकीट षष्ठीचं होतं. पाऊस होता, विमान रद्द झालं, आणि निरोप आला तेव्हा तो मुंबईत विमानतळावर पोचलेला. पैसे परत मिळाले, पण पूजेला तो नव्हता. त्यानंतर आमच्या घरातून कुणी चिपीचं तिकीट काढलं नाही. एकदा विश्वास उडाला की स्वस्त तिकीटही कुणी घेत नाही.

निवृत्त_निरीक्षक

टॉवेलवाली ताई, तुमचं मन बरोबर सांगतंय. मी ३१ वर्षं विमानतळांवर हवामान निरीक्षणाचं काम केलं, त्यातली बरीच लहान ठिकाणी. जरा सविस्तर लिहितो.

आमच्या खोलीत भिंतीवर एक नकाशा असायचा. कोणत्या दिशेला काय दिसतं आणि ते किती अंतरावर आहे, एवढंच त्यात. पूर्वेला पाण्याची टाकी, दीड किलोमीटर. ईशान्येला देवळाचा कळस, तीन. टेकडीवरचा मनोरा, पाच. दर अर्ध्या तासाला बाहेर येऊन बघायचं, शेवटची कोणती खूण दिसते, आणि तो आकडा मीटरमध्ये पाठवायचा. ज्या विमानतळावर वैमानिकाला केवळ डोळ्यांनी बघून उतरायची परवानगी असते, तिथे ५००० मीटर दृश्यमानता लागते. म्हणजे मला मनोरा दिसायला हवा.

जानेवारीतल्या एका सकाळी टाकी दिसत होती, कळस दिसत होता, मनोरा काही दिसेना. शेतातला धूर आणि धुकं एकमेकांत मिसळलं होतं. मी ३००० लिहिलं. थोड्या वेळानं डोक्यावर विमानाचा आवाज आला. अग्निशमन दलाची पोरं गाडी चालू ठेवून उभी होती. विमान दिसलं नाही, आवाज दोनदा फिरला आणि लांब गेला. प्रतीक्षागृहात इस्त्रीचा शर्ट घातलेला एक मुलगा फाईल छातीशी धरून बसला होता, त्याची मुलाखत दुपारी होती. दहा वाजता ऊन पडलं आणि मनोरा लख्ख दिसला. तो शर्ट मी अजून विसरलो नाही.

लहान विमानतळावरची विमानसेवा अशीच मरते. टर्मिनलमुळे नाही. कंपनीचं इंधन जातं, विमानाचं दिवसभराचं वेळापत्रक कोलमडतं, आणि प्रवासी पुढच्या वेळी रेल्वेचं तिकीट काढतो. म्हणून पहिली मागणी करा ती उपकरणांच्या आधारे उतरण्याच्या पद्धतीची आणि रात्रीच्या उड्डाणांसाठी दिव्यांची. शिर्डीचं बघा. २०१७ मध्ये विमानतळ सुरू झाला, रात्रीची विमानं नियमित यायला २०२५ उजाडलं. काकड आरतीला पोचायचं असलेल्या भक्तासाठी ती सोय किती मोलाची!

दुसरं, पैसा. उडानमध्ये ठरावीक जागांचं भाडं कमी ठेवायचं आणि कंपनीला येणारी तूट सरकारनं भरायची, असा हिशेब असतो. त्यातले ८० टक्के केंद्राचे, २० टक्के राज्याचे, मुदत तीन वर्षं. सोलापूर-मुंबईसाठी राज्यानं त्याच धर्तीवर तूट भरायचं ठरवलं. मुदत संपते त्या दिवशी विमान भरलेलं असलं तर कंपनी राहते, नाहीतर चिपी होते. नांदेडचंही तसंच झालं. २७ एप्रिल २०१७ ला उडानची पहिली विमानं निघाली त्यात नांदेड-हैदराबाद होतं. पुढे ती कंपनीच बंद पडली.

तिसरं, वेळ. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. ७० जणांच्या विमानालाही उतरायच्या वेळापत्रकात तेवढीच जागा लागते जेवढी २०० जणांच्या. मग लहान गावाला दुपारची आडवेळ मिळते. सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता आलं तर व्यापारी विमानानं जाईल, नाहीतर नाही. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई सुरू झाली आहे. सकाळ-संध्याकाळची जोडी तिथे मागा.

थोडं विषयांतर. माझी पहिली नेमणूक नागपूरला, सोनेगावला. जुनी माणसं रात्रीच्या टपालाचं सांगायची. १९४९ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास अशा चारही बाजूंनी विमानं मध्यरात्री नागपुरात यायची, थैल्यांची अदलाबदल करायची आणि आली तिकडे परत जायची. तेव्हा ना मोठी इमारत होती ना काचेच्या भिंती. विमानं रोज, ठरल्या वेळी यायची, म्हणून त्यांच्यावर देशाचं टपाल सोपवलं होतं.

हडपसरकर

काकांचा अनुभव मोठा, पण मला वाटतं हा पैसा रेल्वेवर जावा. पुण्यात लोहगाव हवाई दलाचं, म्हणून पुरंदरला नवा विमानतळ. त्यासाठी सात गावांची जमीन. पारगावात माझी आत्या राहते, तिचा अंजिराचा मळा आहे. आहे ते नीट चालत नसताना नवं कशाला?

निवृत्त_निरीक्षक

आत्याबाईंचं दुःख खरं आहे आणि म्हणूनच मी बोरामणी आधी मागू नका म्हणतो. तिथे शेजारी माळढोकाचं अभयारण्यही आहे. आहे त्या धावपट्टीला दिवे आणि उपकरणं द्यायला त्या मानानं फार कमी लागतं. चिमणी पडली, आता आजूबाजूच्या इमारतींची उंची मात्र सांभाळा. उंचीचा ना हरकत दाखला न घेता मजला चढला की उपकरणं असूनही काही उपयोग नाही. कचऱ्याचे ढीगही हलवायला सांगा, घारी तिथेच जमतात.

टॉवेलवाली_सोलापूर

काका, मनापासून आभार. निवेदनात तीनच गोष्टी लिहिते: दिवे आणि उपकरणं, सकाळ-संध्याकाळची जोडी, तूट भरण्याची मुदत संपण्याआधी सहा महिने आढावा. ते द्यायचं कुणाला? जिल्हाधिकाऱ्यांना की मुंबईत?

निवृत्त_निरीक्षक

विमानतळ सल्लागार समिती असते, अध्यक्ष खासदार. तिच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्यायला लावा, आणि जिल्हाधिकाऱ्यांना प्रत द्या. सोबत तुमच्या सभासदांच्या गेल्या वर्षातल्या मुंबईच्या फेऱ्यांची यादी जोडा, तारखांसकट. कंपनीवाले ती आधी वाचतील.