येरवड्याला भरती करा रे याला! (अनुभव धागा)

खिडकीपाशी:
धागा काढायचं कारण मागच्या रविवारचं. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काकांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या गेटचा फोटो टाकला, खाली "ज्यांना हा जोक कळला नाही त्यांचा बेड बुक केलाय". धडाधड हसून लोळणारे चेहरे आले. माझा मोठा भाऊ त्याच ग्रुपवर आहे. त्याला स्किझोफ्रेनिया आहे, अकरा वर्षं झाली, गोळ्या चालू असतात, सकाळचं दूध तोच आणतो आणि दुपारी झेरॉक्सच्या दुकानात बसतो. त्याने अंगठा टाकला. बाकी काही नाही, नुसता अंगठा.

आमच्याकडे आजाराचं नाव कळायलाच दीड वर्ष गेलं, कारण स्किझोफ्रेनिया म्हणजे एका अंगात दोन माणसं एवढंच सगळ्यांना ठाऊक, तेही जोकमधून. दादा तर एकच होता, फक्त शेजारचे आपल्याबद्दल बोलतायत म्हणून रात्रभर भिंतीला कान लावून बसायचा. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, अहो पण हा दोन-दोन आवाजात कुठे बोलतो? घोळ नावातच आहे म्हणा. १९०८ साली ब्लॉयलर नावाच्या स्विस डॉक्टरने ग्रीक शब्द जोडून ते केलं, दुभंगलेलं मन अशा अर्थाचं. त्याला म्हणायचं होतं की विचार, भावना, वागणं यांचे सांधे सुटतात. लोकांनी माणूसच दोन करून टाकला.

तर लिहा. जोकमुळे बिघडलेलं, सुधारलेलं, दोन्ही चालेल. उपदेश नको प्लीज, तो घरी भरपूर मिळतो.

अर्धा_चहा:
माझं ओसीडीचं. पहिल्यांदाच कुठेतरी लिहितोय त्यामुळे लांबलं तर सांभाळून घ्या.

मुलगी चार महिन्यांची होती. मी कांदा चिरत होतो, ती शेजारी झोळीत, आणि डोक्यात आलं की हा सुरा तिला लागला तर. इतपत ठीक आहे, पण पुढचा विचार होता की मीच मारला तर. हात थंड पडले. सुरा धुवून वरच्या कपाटात ठेवला, मग दुसऱ्या दिवशी तिला घेऊन गॅलरीत जाईना, मग तिला अंघोळ घालेना, मग ऑफिसातून मुद्दाम उशिरा यायला लागलो, सिंहगड रोडला ट्रॅफिक आहे म्हणायचं, ते कोणालाही खरंच वाटतं. बायकोला वाटलं माझं बाहेर काहीतरी आहे. मला वाटलं मी राक्षस आहे आणि हे कोणाला सांगितलं तर मुलगी काढून घेतील.

याच काळात सोसायटीच्या ग्रुपवर तो फोटो फिरत होता, फरशीतली एकच टाइल वाकडी आणि वर "ओसीडीवाल्यांनी बघू नका". मी पण हसलो होतो! मी स्वतः! कारण ओसीडी म्हणजे स्वच्छतेचं, टापटिपीचं वेड एवढंच मला ठाऊक, आणि माझी गाडी सहा-सहा महिने धुतलेली नसते, माझा आणि ओसीडीचा काय संबंध. शेवटी एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे गेलो, तोही झोप येत नाही या नावाखाली, तिसऱ्या भेटीत तोंडातून निघालं. त्या दचकल्या नाहीत. म्हणाल्या हा ओसीडी आहे, नको असलेला विचार येतो, माणूस घाबरून तो टाळत बसतो आणि टाळल्यामुळेच तो घट्ट होतो. मी म्हणलं मॅडम पण मी स्वच्छ नाहीये हो.

गोळ्यांना दहा आठवडे लागले (यात वेळ जास्तच लागतो असं त्यांनी आधीच सांगितलेलं, नाहीतर मी सोडल्या असत्या). बरोबर ईआरपी, म्हणजे ज्याची भीती वाटते तेच ठरवून करायचं, मुलीला घेऊन गॅलरीत दहा मिनिटं उभं राहायचं आणि मी काही केलं नाही ना असं बायकोला विचारायचं नाही. न विचारणं सगळ्यात अवघड. आता ती पाच वर्षांची आहे, काकडी आम्ही दोघं मिळून चिरतो. टाइलचा फोटो अजूनही येतो.

धानोरीकर:
छोटंसंच. आमच्या इथे रिक्षावाल्याला मेंटल हॉस्पिटल कॉर्नर म्हणलं की आरशात बघून "सोडायला की भरती व्हायला" हे ठरलेलं. मी तिथेच नोकरी करते. पहिली दोन वर्षं राग यायचा, आता म्हणते सोडायला, परत तुम्हाला न्यायला येईन.

नवी_पेठ_कॉट_बेसिस:
एमपीएससी, चौथा अटेम्प्ट. अभ्यासिकेत बसून मीम बनवायचो, आमचं एक पेज होतं. त्यातलं एक: "पोस्ट निघेना, आता मीच निघतो". तुफान चाललं. खाली सगळे सेम भाई, सेम भाई. मी ते जोक म्हणून लिहिलंच नव्हतं आणि लोक हसले म्हणून अजून तसलेच टाकत गेलो. फक्त एकाने, मेसवर ओळख झालेल्या लातूरच्या पोराने, रात्री फोन केला आणि सरळ विचारलं, खरंच जीव द्यायचं डोक्यात आहे का. मी म्हणलं येड्या जोक आहे तो. तो म्हणला मग खाली ये, चहा पिऊ. तो पोरगा दीड तास बसला, काही शहाणपण शिकवलं नाही, मग त्याच्याच फोनवरून १४४१६ लावून दिला, ती सरकारची टेलीमानस, फुकट आहे आणि मराठीत बोलतात. पुढे डॉक्टर वगैरे झालं. पेज मी दुसऱ्याला देऊन टाकलं. तो पोरगा आता तलाठी आहे, त्याची पोस्ट निघाली.

लिथियमवाला:
थोडा वेगळा सूर लावतो, चिडू नका. मला जोकनेच वाचवलंय. रात्री तीन वाजता तीन मिक्सर ऑर्डर करणाऱ्या बायपोलर माणसाचं कुणीतरी मीम केलं होतं, ते बघून मी हसता हसता थांबलो, कारण माझ्याकडे चार इस्त्र्या होत्या आणि घरी मी एकटा. ते मीम करणाराही पेशंटच होता, हे लगेच कळतं, मिक्सरचा आकडा बाहेरचा माणूस लिहीत नाही. बाहेरचा लिहितो "सकाळी हो म्हणाली, संध्याकाळी नाही, बायपोलर आहे". अहो माझं वर जाणं, म्हणजे तो नको इतका चढलेला उत्साह, आठवडे-आठवडे चालायचं. आता लिथियमच्या गोळ्या चालू आहेत, दर काही महिन्यांनी रक्त तपासायचं, पाणी नीट प्यायचं. मोबाईल आणि मी एकाच गोष्टीवर चालतो असं मी सगळीकडे सांगत फिरतो. बायको म्हणते मोबाईल ऐकतो तरी.

त्यामुळे यावर हसूच नका असं कोणी म्हणलं की मलाच कसंतरी होतं.

सातारा_रोड:
शॉकचे जोक बंद झाले तर बरं, बाकी काही का चालेना. आईला तिच्या नैराश्यात ईसीटी, म्हणजे तेच विजेचे शॉक, दिली, खाणंपिणं सोडलेलं तिने. भूल देऊन देतात, स्नायू सैल पडायचं औषध देतात, २०१७ च्या कायद्यात त्याशिवाय द्यायला बंदीच आहे. मामाने मात्र मोबाईलवर केस उभे राहिलेल्या माणसाचं कार्टून दाखवून सही करू नको म्हणून तीन दिवस घालवले. ते तीन दिवस ती पाणीसुद्धा पीत नव्हती.

खिडकीपाशी:
सगळं वाचलं. अर्धा_चहा, तुमचं दोनदा. लिथियमवाला, चार इस्त्र्या 😄

अपडेट असा की हा धागा दादाला दाखवला. त्याने सावकाश वाचला, मग म्हणाला काकांचं नाव कुठे टाकलं नाहीस ना. मी म्हणलं नाही. तर म्हणाला बरं केलंस, पहिल्यांदा ससूनला रांगेत माझ्याबरोबर तेच उभे होते, पाच वाजल्यापासून. हे मला माहीतच नव्हतं, मी तेव्हा बारावीत. मग अंगठा का टाकलास विचारलं, तर म्हणाला, फोटो बघून वाटलं गेट चांगलं रंगवलंय.

काकांनी आज परत जोक टाकलाय, यावेळी बायकोवरचा. काकूंनीच अंगठा टाकलाय.