सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर खाऊन मुलाचा ओठ सुजला, हे पित्त की ॲलर्जी?

फोंडेकरीण:
मुलगा 7 वर्षांचा. मासेमारी बंद असल्यामुळे घरात सध्या सुकंच चाललंय. परवा जेवताना सुक्या सुंगटांची किसमूर खाल्ली आणि हात धुवेपर्यंत तोंड खाजतंय म्हणायला लागला, मग वरचा ओठ टम्म सुजला, पोटावर गांधी उठल्या, दोनदा उलटी झाली आणि मधेमधे खोकत होता. सासूबाई म्हणाल्या पित्त उठलंय, सोलं (आमसुलं) कोळून अंगाला लावली, संध्याकाळपर्यंत उतरलं. पण माझा जीव थाऱ्यावर नाही. मागे कुर्ल्या (खेकडे) खाल्ल्या तेव्हापण तोंड खाजलं होतं त्याचं.

नर्सताई_डिचोली:
गांधी उठल्या की आपल्याकडे सगळे पित्तच म्हणतात, माझी आईपण म्हणायची, आणि नुसत्या गांधी असल्या तर सोलं लावून बिघडत नाही. पण खाल्ल्याखाल्ल्या गांधी, उलटी, खोकला असं एकदम आलं तर ती ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी ॲलर्जी धरायची, घरी थांबायचं नाही. आवाज घोगरा होणं, घसा आवळणं, श्वासात शिट्टी, मूल पांढरं पडून मलूल होणं, यातलं एक जरी दिसलं तरी लगेच 108. कधीकधी गांधी उठतच नाहीत हेही लक्षात ठेवा. आडवं झोपवून पाय वर ठेवायचे, दम लागत असेल तर बसू द्यायचं, पण चालवत न्यायचं नाही. खरं औषध म्हणजे मांडीत ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन, सेट्रिझिन या ॲलर्जीच्या गोळीनं खाज जाते, घसा उघडत नाही. आणि बरं वाटलं तरी काही तासांनी त्रास परत उलटू शकतो, म्हणून हॉस्पिटलात ठेवून घेतात.

मडगावकर:
आमच्याकडे एकदा बांगडे खाऊन अर्ध्या तासात चौघांचीही तोंडं लालभडक, डोकं ठणकायला लागलं, छातीत धडधड. आम्हालाही ॲलर्जीच वाटली. डॉक्टर म्हणाले चौघांना एकदम ॲलर्जी कशी होईल, बर्फाशिवाय राहिलेल्या बांगड्यात हिस्टामिन नावाचं ॲलर्जीसारखा त्रास देणारं रसायन तयार होतं आणि ते कितीही तळा, जात नाही. तुमच्याकडे बाकीच्यांनी तीच किसमूर खाल्ली ना?

फोंडेकरीण:
हो, सगळ्यांनी खाल्ली, त्रास फक्त त्यालाच. मग आता बांगडा, इसवणपण (सुरमई) बंद करू का? आणि शाळेत मुलं डबे वाटून खातात त्याचं काय?

नर्सताई_डिचोली:
मग ॲलर्जीचाच संशय जास्त. सुंगटं आणि कुर्ल्या एका घराण्यातल्या, एकीचा त्रास असला की बहुतेक दुसरीचाही होतो, बांगडा-इसवण वेगळे. पण काय चालेल ते डॉक्टरांनाच ठरवू दे, तोवर सुंगटं, कुर्ल्या, तिसऱ्या (शिंपल्या) काहीच देऊ नका. घरी भाजीत चिमूटभर सुकी सुंगटं पडतात तीही नको, आणि सुंगटं शिजताना त्याला स्वयंपाकघरात येऊ देऊ नका, काहींना वाफेनंसुद्धा दम लागतो. ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे याच आठवड्यात जा, काय खाल्लं, किती मिनिटांनी काय झालं ते आत्ताच लिहून ठेवा, फोटो असेल तर न्या. त्वचेवरची टेस्ट करणार असतील तर काही दिवस आधी सेट्रिझिन बंद ठेवावी लागते, ते विचारून घ्या. टीचरना तोंडी सांगू नका, लक्षणं आणि 108 मोठ्या अक्षरात कागदावर लिहून द्या, आणि मुलालाही शिकवा की तोंड खाजलं की तोंडातला घास थुंकायचा आणि लगेच टीचरना सांगायचं.