प्राथमिक शाळेत समुपदेशक आठवड्यातून दोनच दिवस : काम कसं लावायचं?

शाळेची_घंटा

नमस्कार मंडळी. पहिली ते चौथीची अनुदानित मराठी शाळा, नऊ तुकड्या, पट ३१२. संस्थेने या जूनपासून समुपदेशक बाई नेमल्या आहेत. एम.ए. मानसशास्त्र, शिवाय समुपदेशनाची पदविका. आठवड्यातून दोन दिवस, दर दिवशी चार तास.

शिक्षकांकडे नावं मागितली तर एका दुपारीत २६ मुलांची यादी तयार. निम्म्याहून जास्त नावांपुढे ‘फार मस्ती’, ‘लक्ष नसतं’, ‘लिहीत नाही’ एवढंच. संस्थेतल्या एका पदाधिकाऱ्यांचं म्हणणं, बाईंनी सगळ्यांचे बुद्ध्यांक काढावेत आणि कुणी रजेवर असेल तेव्हा वर्गही घ्यावेत.

मला तीन गोष्टी हव्यात. आठ तासांत काय बसवावं? कोणतं काम त्यांना मुळीच देऊ नये? आणि सहा-सात वर्षांच्या मुलाचं ‘समुपदेशन’ म्हणजे प्रत्यक्षात करायचं काय? ही मुलं दोन वाक्यांपलीकडे बोलत नाहीत.

---

गोधडी

ताई, ती २६ नावांची यादी तूर्त कपाटात ठेवा. ती घेऊन बसलात तर पहिल्या महिन्यातच खोलीची ओळख ‘वांड मुलांना पाठवतात ती जागा’ अशी होते, आणि एकदा झाली की वर्षभर पुसली जात नाही. मग ज्या मुलीला खरोखर काही सांगायचं आहे, ती त्या दारात पाऊल ठेवत नाही.

आधी हिशेब. एका मुलाला २५ मिनिटं, आणणं-सोडणं आणि नोंद धरून ३५. आठ तासांत १३ मुलं झाली की आठवडा संपला, बाकी सगळं शून्य. म्हणून वैयक्तिक मुलं एका वेळी सहाच ठेवा, साडेतीन तास. वर्गसत्रांच्या तीन तासिका, म्हणजे पावणेदोन तास. नऊ तुकड्यांना दर तीन आठवड्यांनी एकदा पाळी येते. वर्गात मागे बसून निरीक्षण दीड तास. उरलेला सव्वा तास पालक आणि शिक्षक यांच्यासाठी. पहिले चार आठवडे मात्र वैयक्तिक काम बंदच ठेवा. बाईंनी फक्त वर्गात जावं, मधल्या सुट्टीत मैदानावर उभं राहावं, डबा खाताना मुलांत बसावं. सगळ्या मुलांना त्या ‘आपल्या बाई’ वाटल्या पाहिजेत.

शिक्षकांकडून नाव चिठ्ठीवरच घ्या आणि चिठ्ठीत विशेषण चालणार नाही असं आधीच सांगा. ‘उनाड आहे’ यावर काहीच करता येत नाही. ‘लेखन दिल्यावर पाच मिनिटांत उठतो, गेल्या आठवड्यात चार दिवस, गणितात आणि चित्रकलेत उठत नाही’ यावर करता येतं. चिठ्ठीत चार रकाने पुरतात: काय केलं, कोणत्या तासाला, त्याच्या लगेच आधी काय घडलं, नंतर कोण काय म्हणालं. चौथा रकाना शिक्षक टाळतात, आणि बऱ्याचदा उत्तर तिथेच असतं. उठल्यावर त्याला बाहेर उभं करत असतील आणि बाहेर गेल्यावर लिहावं लागत नसेल, तर पोरगं रोज उठणारच.

निरीक्षणाची पद्धत साधी आहे. २० मिनिटं, दर मिनिटाला एक खूण, आणि सोबत त्याच वर्गातल्या दुसऱ्या एखाद्या मुलाचीही तशीच नोंद. तुलनेशिवाय ‘फार चंचल’ म्हणण्याला अर्थ नाही. पहिलीच्या वर्गात शेवटच्या तासाला सगळेच चंचल असतात. एक दृश्य नमुना म्हणून सांगते. मूल फळ्यावरून उतरवताना दर शब्दाला मान वर करतं, डोळे बारीक करतं, ओळ हरवते. मग शेजारणीच्या वहीत वाकून बघतं. ती वही ओढते, हे तिचं खोडरबर फेकतं. बाई फळ्याकडून वळतात तेव्हा त्यांना दिसतं ते उडालेलं खोडरबर. या मुलाला आधी डोळ्यांच्या तपासणीची गरज आहे, समुपदेशनाची नंतर. राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं, त्यांच्यापुढे ही नावं मुद्दाम ठेवा, तोवर पहिल्या बाकावर बसवा. डोळे, कान, झोप, सकाळी पोटात काही गेलंय का, हे चार बघितल्याशिवाय मनाकडे जायचं नाही.

आता तुमचा तिसरा प्रश्न. लहान मूल समोर बसून बोलत नाही, हात कामात असले की बोलतं. म्हणून टेबल-खुर्ची नको, सतरंजी. शाडूची माती, जाड खडू, हातात घालायच्या दोन-चार बाहुल्या, भातुकली, घरातल्या माणसांची लहान चित्रं. दाराला काच असावी, म्हणजे बाहेरून दिसेल पण ऐकू येणार नाही. दारावर ‘समुपदेशन कक्ष’ अशी पाटी नको, मुलांनाच नाव ठेवू द्या. ‘का केलंस?’ हा प्रश्न बंद. सहा वर्षांच्या मुलाला ‘का’चं उत्तर खरंच माहीत नसतं आणि त्याला तो रागावण्याचाच सूर वाटतो. ‘मग काय झालं?’, ‘तेव्हा बाहुली कुठे होती?’ असं विचारलं की धागा सुटत नाही. पहिली-दुसरीला २० मिनिटं पुरेत. मुलाला पीटी, चित्रकला किंवा मधल्या सुट्टीतून उचलू नका; आणि दर वेळी एकाच विषयाच्या तासातूनही नको, नाहीतर तो विषय मागे पडतो.

चित्रांबद्दल एक कळकळीची विनंती. काळा खडू वापरला म्हणजे नैराश्य, घराला दार नाही म्हणजे असुरक्षितता, असले अर्थ काढू नका. काळा खडू कधी कधी एवढ्यासाठी वापरलेला असतो की बाकीचे तुटलेले होते. चित्र हे बोलायला निमित्त आहे.

अजिबात न द्यायची कामं: बदली तास, परीक्षेचं पर्यवेक्षण, शिस्तीची शिक्षा. ‘थांब, तुला त्या बाईंकडेच पाठवते’ ही धमकी शिक्षकांच्या तोंडून एकदाही येता कामा नये. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षेइतकाच मानसिक त्रासही मना करतं. आणि बुद्ध्यांक तर नाहीच. बिने-कामतसारखी चाचणी एकेका मुलाला स्वतंत्र बसवून घ्यावी लागते, तासभर सहज जातो, आणि ते काम भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञाचं. आकडा शिक्षकांच्या खोलीत पोचला की मुलाच्या नावाला चिकटतो.

---

काना_मात्रा

विशेष शिक्षकाच्या बाजूने थोडी भर. ‘लिहीत नाही’ या नावांमधून दुसरीपर्यंतची मुलं सहसा वगळा. ब-व, घ-ध, भ-म यांची गल्लत, वेलांटी उलट्या बाजूला देणं, मात्रा गाळणं हे त्या वयात सर्रास असतं. तिसरीत, नीट शिकवून आणि सहा महिने रोजचा सराव देऊनही जोडाक्षराशी अडखळत असेल, तोंडी उत्तर बरोबर आणि लेखी कोरं असेल, तर पुढे पाठवा. अध्ययन अक्षमता (बुद्धी ठीक असूनही वाचन-लेखनात येणारा अडथळा) २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे, पण प्रमाणपत्र शासनाने ठरवलेल्या रुग्णालयातूनच मिळतं, आणि मूल साधारण आठ वर्षांचं होण्याआधी ते देत नाहीत. मुंबईत शीव, नायर या रुग्णालयांची नावं पालकांना माहीत असतात. इतरत्र जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी.

घरी पावरी, कोरकू, गोंडी, कन्नड किंवा हिंदी बोलणारं मूल पहिलीत चार-पाच महिने गप्प राहू शकतं. तो दोष नव्हे, ते ऐकून भाषा साठवत असतं. त्याला ‘मंद’ ठरवून यादीत घातलं तर तेच खरं नुकसान.

वाचनाचा उपचारात्मक सराव समुपदेशकाच्या गळ्यात घालू नका. तो गट साधन केंद्राकडच्या (तालुका पातळीवरच्या) विशेष शिक्षकाचा आणि वर्गशिक्षकाचा भाग. समुपदेशकाने त्या मुलाच्या ‘मला येतच नाही’ या भावनेवर काम करावं.

---

साक्षीपुरावा

एक विषय अजून कुणी काढला नाही, मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा, म्हणून लिहितो. बाई रुजू होण्याआधीच तो लेखी ठरवा.

मुलांशी सुरक्षित-असुरक्षित स्पर्शाचं सत्र घेतलं की त्याच आठवड्यात एखादं मूल काहीतरी सांगतं. त्यामुळे ते सत्र शनिवारी किंवा सुट्टीला लागून ठेवू नका. बाई दुसऱ्या दिवशी शाळेत असतील असं बघा. तुमच्याकडे दोनच दिवस आहेत, तर ते दिवस लागोपाठचे घ्या आणि सत्र पहिल्या दिवशी.

मूल बोललं तर: शांतपणे ऐकायचं, ‘तू सांगितलंस ते बरं केलंस, तुझी चूक नाही’ एवढं म्हणायचं. खोदून विचारायचं नाही. ‘काकांनी केलं का?’ असं नाव सुचवणं तर फारच घातक, पुढे न्यायालयात बचाव पक्ष तेच धरतो. मुलाचे शब्द त्याच्याच बोलीत, जसेच्या तसे, तारीख-वेळेसह लगेच लिहून काढायचे. फोटो, ध्वनिमुद्रण नको. संशयिताला बोलावून समोरासमोर करायचं नाही, ‘आधी संस्थेची बैठक घेऊ’ हेही नाही.

पॉक्सो कायदा (लैंगिक अपराधांपासून बालकांचं संरक्षण) २०१२, कलम १९: ज्याला कळलं त्याने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक. पालकांची परवानगी ही अट नाही. ‘मी मुख्याध्यापकांना सांगितलं होतं’ म्हणून समुपदेशक सुटत नाही, जबाबदारी तिचीही आहे. न कळवल्यास कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचं कृत्य कळवलं नाही तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. उलट सद्हेतूने दिलेली माहिती चुकीची निघाली तरी कारवाई होत नाही. पोलिसांनी २४ तासांत बालकल्याण समितीला कळवायचं असतं. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेशाविना घ्यायचा असतो. हे पालकांना माहीत नसतं, बाईंनी सांगावं. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक चोवीस तास चालतो, तो मुलांना पाठ असू द्या.

---

शाळेची_घंटा

सर्वांचे मनापासून आभार. दोन दिवस लागोपाठचे करते, ते डोक्यात आलंच नव्हतं. बदली तासाचं संस्थेला लेखी कळवते. एक अडचण उरते. आमच्याकडे पालक सरळ विचारतात, ‘आमचं मूल आत काय बोललं ते सांगा’. नाही म्हटलं तर उद्यापासून पाठवणार नाहीत. आणि नोंदी कुठे ठेवायच्या?

---

गोधडी

पालक शत्रू नाहीत, त्यांना सांगायचंच असतं, पण काय सांगायचं ते ठरवून. मूल काय बोललं ते नाही, तर त्याला काय हवंय ते सांगायचं. ‘तुम्ही रात्री भांडता असं तो म्हणाला’ हे वाक्य घरी पोचलं तर मुलाला त्याचा हिशेब द्यावा लागतो. त्याऐवजी ‘तो रात्री नीट झोपत नाही, निजायच्या आधीचा अर्धा तास घरात आवाज कमी ठेवता येईल का?’ असं. भेट संपण्याआधी मुलाला विचारून घ्यावं, ‘आईला यातलं काय सांगू?’. चौथीतलं मूल याचं उत्तर अगदी विचार करून देतं.

मुलाला पहिल्या भेटीतच साध्या शब्दांत सांगायचं: ‘तू बोलशील ते मी वर्गात सांगत नाही. पण तुला कुणी दुखवत असेल, तर तुला जपणाऱ्या मोठ्या माणसांना मला सांगावंच लागेल.’ हे आधी न सांगता नंतर सांगितलं तर मुलाला फसवल्यासारखं वाटतं.

संमतीचं पत्र दोनदा घ्या. एक जूनमध्ये सगळ्या पालकांकडून, वर्गसत्रांसाठी. दुसरं वैयक्तिक भेटी सुरू होण्याआधी, त्या पालकांना समोर बसवून, तोंडी समजावून. नुसतं वहीत चिकटवून पाठवलेलं पत्र न वाचता सही होऊन येतं.

नोंदी कुलूपबंद कपाटात, किल्ली बाईंकडे, एक बंद पाकिटात तुमच्याकडे. वहीवर नाव नको, क्रमांक. नाव-क्रमांकाची यादी वेगळी. प्रगतिपुस्तकात, जनरल रजिस्टरात किंवा शाळा सोडल्याच्या दाखल्यावर यातलं एक अक्षरही जाऊ नये. वर्गशिक्षकांना हवी ती सूचना अर्ध्या पानावर द्यायची: ‘उजवीकडे बसवा, लेखन दोन टप्प्यांत द्या, उठला तर बाहेर न काढता फळा पुसायला सांगा’. तीन आठवड्यांनी त्याच चिठ्ठीवर शिक्षकांनी किती वेळा उठला ते लिहून परत करायचं. आकडा तसाच राहिला तर उपाय बदला.